तार बघायची असते

तात्या,

हॉस्टेलच्या ज्या खाटेवर बसून हे लिहिते आहे ती तुम्ही विणलेली आहे. काल परत आले. खोलीतल्या मुलींनी माझं अंथरूण घालून ठेवलं होतं, उशीला धुतलेला अभ्रा होता, आणि कोणी काही विचारलं नाही. त्या वर्गाला गेल्यावर मी गादी गुंडाळून बाजूला केली आणि नवारीवरून हात फिरवला. दीड वर्ष होत आलं, अजून कुठे सैल पडलेली नाही. मधोमध, जिथे मी झोपते तिथे, जरासा खोलगट भाग आहे. तो तुम्हीच ठेवला होता. "लय ताठ विणली तर पाठ मोडती. माणूस मावंल एवढा झोळ ठिवायचा," असं तुम्ही रेक्टरबाईंना समजावून सांगत होतात, आणि कुणाचंच न ऐकणाऱ्या त्या बाई मान डोलवत होत्या.

तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले. या दिवसांत माधवनगरच्या आपल्या घरी जो आला त्यानं तुमची एक तरी गोष्ट सांगितली. बहुतेक गोष्टी बाजांच्याच होत्या. गिरणीत आठ तास मागापुढे उभं राहायचं आणि घरी येऊन पाय धुतले की कुणाची तरी बाज विणायला बसायचं, असं तुम्ही किती वर्षं केलंत ते कुणालाच नीट सांगता येईना. एक म्हातारे म्हणाले, गल्लीतली निम्मी पोरं तात्याच्या बाजेवर जन्मली. बाळंतिणीची बाज विणल्यावर तुम्ही स्वतः तिच्यावर आडवे होऊन बघायचात, कुठं गाठ टोचते का, हे सांगताना एक बाई हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. आलेल्यांतल्या वयस्कर माणसांसाठी दारात बाजा मांडल्या होत्या, शेजारपाजारच्या घरांतून आणलेल्या. सगळ्या तुमच्याच हातच्या. तुम्हाला भेटायला आलेली माणसं तुमच्याच विणीवर बसली होती.

मला बोलता आलं नाही. तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्याशी मात्र मी भांडायचे, आणि आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. ते पुरं करायला बसले आहे.

त्या भांडणाची सुरुवात माझ्या शाळेपासून आहे. मला इंग्रजी शाळेत का घातलं, हे मी तुम्हाला दहादा विचारलं असेल आणि दहाही वेळा तुम्ही एकच गोष्ट सांगितलीत. मी तेव्हा पाळण्यात होते. गल्लीत भर दुपारी एका बाईच्या नावानं तार आली. पोस्टमन तार देऊन निघून गेला. पुरुष सगळे गिरणीत. ती बाई तार हातात धरून पाळी सुटेपर्यंत रडत बसली, आणि तिच्याबरोबर अख्खी गल्ली. संध्याकाळी तुम्ही तिला सायकलवर बसवून सांगलीच्या पोस्टात नेलंत. तिथल्या बाबूनं वाचून सांगितलं, तुम्हाला नातू झाला, दोघं सुखरूप आहेत.

"पेढ्याच्या बातमीला रडली गं ती. पाच तास," तुम्ही सांगायचात. "तवाच म्हटलं, आपल्या गल्लीत एक तरी वाचणारं पायजे."

म्हणजे मी शिकले ती गल्लीसाठी. मला कोणी विचारलं नव्हतं. रोज सकाळी सायकलच्या पुढच्या दांडीवर मी, हँडलला दप्तर, आणि मागून तुमचा श्वास. परत येऊन तुम्हाला दुसऱ्या पाळीला जायचं असे. वाटेत तुम्ही मला कालचे शब्द विचारायचात आणि वाऱ्याविरुद्ध मोठ्यानं म्हणायचात, "अंब्रेला! अंब्रेला!" सांगलीच्या रस्त्यावरची माणसं वळून बघायची. मी दप्तरात तोंड घालायचे.

दहा वर्षांची झाले तेव्हापासून लोक माझ्याकडे कागद घेऊन यायला लागले. फौजेतल्या मुलांच्या पलटणीतून आलेली पत्रं, औषधाच्या बाटल्या, शिवणयंत्राबरोबरची चोपडी, काय वाट्टेल ते. मला परक्या माणसांसमोर उभं राहणंसुद्धा जमत नसे. त्यावर तोड तुम्हीच काढलीत. मी दाराआड उभी राहून वाचायचे आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून ते पुढे सांगायचात. मी म्हणायचे, "आपणांस कळविण्यात येते की आपल्या मुलाची बदली करण्यात आली आहे." तुम्ही म्हणायचात, "पोरगं हाललं तिथनं. ठीक हाय. आता जरा थंडीचं ठिकाण हाय, स्वेटर धाड."

"मडम एवढं सगळं म्हणाली व्हय?" माणसं विचारायची. गल्लीत माझं नाव मडम पडलं होतं.

"एवढंच म्हणाली. मी जरा सुटं करून सांगितलं."

मी दाराबाहेर आले ती एकदाच, नववीत असताना. त्या दिवशी बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मी कितीदा तरी म्हटलं आहे.

शेजारची हौसाक्का तार घेऊन आली. तिचं माहेर रहिमतपूर. तिचे वडील थकले होते, हे मला माहीत होतं. तुम्ही नुकतेच पाळीवरून येऊन अंगणात बसला होतात, सुंभाला पाणी मारत. मी दाराआडून वाचलं, "फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली." आणि मराठीत सांगितलं, वडील गंभीर आजारी आहेत, ताबडतोब निघा.

हौसाक्काचा हात तोंडावर गेला. तुम्ही हातातला सुंभ खाली ठेवलात.

"हौसा, बस हितं," तुम्ही म्हणालात. "आदी दोन घास खा. मग बगू गाडीचं."

मला वाटलं, हिला काहीच नीट कळलेलं नाही. एक माणूस तिकडे मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही हिला जेवायला बसवताय. मी बाहेर आले. सगळ्यांच्या समोर.

"अहो, सिरियस म्हणजे गेले असं नाही," मी म्हणाले. "गंभीर आहेत म्हणजे आहेत. त्यांना मिरजेला आणा. तिथे मोठे डॉक्टर आहेत. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा असेच सिरियस होते, आता फिरायला जातात."

"खरं सांगतीस, मडम?"

"तारेत लिहिलंय ना."

ती तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मग तुम्ही हळूच म्हणालात, "तिला इंग्लिश येतंय, हौसा."

पुढचं तुम्हाला सांगायला नको, पण मला ते एकदा लिहायचं आहे. हौसाक्का उठली ती वाऱ्यासारखी. वडिलांना मऊ काही लागेल म्हणून तिनं लापशी शिजवली, गूळ घातला, डब्यात भरली. मिरजेला आणताना त्यांना वाटेत गार वारा लागू नये म्हणून दोन गोधड्या बांधून घेतल्या. स्वतः घासभरही खाल्लं नाही. एसटीत बसताना तिनं मला हात केला. मी हात केला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी मोठ्या कामी आले होते.

चौथ्या दिवशी ती परत आली तेव्हा डबा तिच्या काखेतच होता. तिनं तो उघडला नव्हता. आईनं तो तिच्या हातून घेतला आणि मोरीत नेला. रहिमतपूरला उतरून ती दारात गेली आणि भावजयीला विचारती झाली, अण्णांना कुठं निजवलंय. तिथं सगळं आटपून गेलेलं होतं. तिच्या बहिणी वेशीपासून रडत आल्या होत्या. भावजय चार बायकांत म्हणाली, "बाप मेला आन् ही डबा घिऊन हसत आली." ते वाक्य तिच्या माहेरी अजून जिवंत आहे. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात, कुणीतरी ते काढतं.

त्या संध्याकाळी मी तुमच्यासमोर डिक्शनरी आणून आपटली.

"हे बघा. सिरियस म्हणजे गंभीर. मेलेला नाही. त्यांनी खोटी तार केली."

"खोटी कशी? समद्या गल्लीला कळली की."

"मला नाही कळली."

"तुला इंग्लिश येतंय म्हणून," तुम्ही म्हणालात. त्यात टोमणा नव्हता. मग तुम्ही मला समजावून सांगितलंत, एखाद्या लहान मुलीला गाठ मारायला शिकवावी तसं. माणूस गेलं की तारेत तसं लिहीत नाहीत. सिरियस लिहितात. ज्याला तार मिळते त्याला कळतं, पोस्टमनला कळतं, शेजाऱ्याला कळतं. पण कुणी बोलत नाही. शेजारी त्याला जेवायला घालतात, कुणी गाडीची चौकशी करतं, कुणी पोरं सांभाळायला घेतं. त्याला घरी पोचेपर्यंत कुणी 'गेले' म्हणत नाही. "तार वाचायची न्हाई, मडम. बगायची आसती."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

तुम्ही सुंभाचा पुढचा पीळ वळलात.

"मला वाटलं," तुम्ही म्हणालात, "तुज्या इंग्लिशमंदी माणूस जित्ता आसंल."

तात्या, या वाक्यावर मी तेव्हा काहीच बोलले नाही, आणि नंतरही कधी बोलले नाही. त्याऐवजी मी पुढची चार वर्षं भांडत राहिले. तशी तार आली की मी तुम्हाला म्हणायचे, खरं लिहायला काय होतं? 'एक्स्पायर्ड' असा सरळ शब्द आहे. तुम्ही म्हणायचात, "एक्स्पायर तर औषधाची बाटली हुती. माणसाला बाटलीवानी कसं लिवायचं?" मी म्हणायचे, हा माणसांना फसवण्याचा प्रकार आहे. तुम्ही म्हणायचात, "कोण फसलं? तूच तेवढी." आणि हसायचात. मग हौसाक्काची आठवण होऊन तुम्ही पुन्हा सुंभाला पाणी मारायला लागायचात.

हौसाक्का मला कधीच बोलली नाही. उलट एकदा, पुष्कळ दिवसांनी, तुमच्याजवळ बसून शेंगा फोडताना ती म्हणाली, "लोकं काय बी म्हणू द्यात तात्या. रहिमतपूर येईस्तवर आण्णा व्हता मला. समद्या बहिणींपरास चार तास ज्यादा व्हता." मी आतून ऐकलं. तुम्ही आत बघून मोठ्यानं म्हणालात, "ऐकलंस का मडम?" ती तुमच्या बाजूची साक्ष होती की माझ्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असं भांडता भांडता मी तारा बघायला शिकले. शब्दापर्यंत जायच्या आधीच मला कळायला लागलं. मीही दाराआडून काही न वाचता नुसतं म्हणायला लागले, "तात्या, यांना जेवायला वाढायला सांगा." तुम्ही मान हलवायचात. हा बदल तुमच्या लक्षात आला असेलच असं मी धरून चालले होते. तो तुम्हाला सांगावा असं वाटलं नाही. तुम्ही जिंकलात हे तोंडानं म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मग मी साताऱ्याला कॉलेजात आले आणि तुम्ही मला भेटायला आलात. तासगावच्या बेदाण्यांची पिशवी घेऊन, न कळवता. रेक्टरबाईंनी पुरुषांना आत मनाई म्हणून तुम्हाला व्हरांड्यात बसवलं. मी खाली आले तेव्हा तुम्ही बाईंना विचारत होतात, पोरीची खाट कशी हाय. मी म्हणाले, बरी आहे. तुम्ही माझ्या पाठीकडे बघितलंत आणि म्हणालात, "बरी न्हाई."

खाट बाहेर अंगणात आणायला लावलीत. पलीकडच्या खोलीतल्या मुली खिडकीत आल्या. गिरणीच्या धोतरात, टोपी बाजूला ठेवून, माझे आजोबा हॉस्टेलच्या अंगणात खाट उसवत बसले होते, आणि माझे कान तापले होते. तुमच्या बोटांकडे बघायचं मी ठरवलं, कारण दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं. आडव्या पट्ट्या एकेक करून उभ्यांच्या खालून-वरून जायला लागल्या. अर्ध्या तासानं खिडकीतली एक मुलगी खाली आली आणि म्हणाली, "आजोबा, माझीपण झोळी झालीय हो." मग दुसरी. तुम्ही पाच खाटा विणल्यात. मुलींनी तुम्हाला तीनदा चहा दिला. चौथ्यांदा बाईंनी स्वतः दिला. शेवटची सांगली गाडी पकडायला आपण जवळजवळ पळत स्टँडवर आलो.

तिथे, गाडीच्या दाराशी, मी तुम्हाला ते म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. तुम्ही पळाल्यावर धापा टाकत होतात म्हणून असेल.

"तात्या, तुम्हाला काही झालं तर मला सरळ कळवायला सांगा. असेल तसं. खरं."

"मला काय हुतंय?"

"सांगा तरी."

"बरं, बरं. सांगतो." तुम्ही पायरीवर चढलात. "जेवून घे आता. माज्यापायी तुजी जेवणाची घंटा गेली."

मी ते विसरले, तात्या. तुम्ही विसरला नाहीत.

परवाच्या मंगळवारच्या दोन आठवडे आधीचा मंगळवार. अकराच्या सुमाराला हॉस्टेलच्या शिपाईमामांनी मला वर्गातून बोलावलं. तार हातात दिली. बाबांकडून होती. तात्या सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.

मी ती बघितली. तुम्ही शिकवलं होतं तशी. वाचली नाही.

मला काही विचारायचं राहिलं नव्हतं, घाई करायचं कारण उरलं नव्हतं. रेक्टरबाईंनीही तार बघितली. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी जेव." मी मेसमध्ये जाऊन बसले. ताटात वाढलं ते सगळं संपवलं, वरणाची वाटीसुद्धा, कारण अशा वेळी खायचं असतं हे मला तुमच्याकडून माहीत होतं. मैत्रिणीनं पिशवी भरली. स्टँडवर पोचले तेव्हा सांगलीची गाडी लागलेली होती, माणसं दारापर्यंत उभी. कंडक्टर म्हणाला, "चला ताई, होईल जागा पुढं." मी म्हणाले, पुढच्या गाडीनं येते. उभं राहून, परक्या माणसांच्या खांद्यात तोंड खुपसून, मला तुमच्यासाठी रडायचं नव्हतं. सव्वा तासानं दुसरी गाडी आली. मला खिडकी मिळाली. कराडपर्यंत मी रडले. पेठ नाक्याला तोंड धुतलं. आष्टा आलं तोवर मी तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार करून मोकळी झाले होते. मला वाटत होतं, हे फार नीट पार पडलं.

गल्लीत माणसं जमलेली होती. ती असणार हे मी धरलेलंच होतं. हौसाक्का धावत पुढे आली. तिनं मला दोन्ही दंडांना धरलं.

"आत्ताच गं बाय," ती म्हणाली. "आत्ताच. अर्धा तास न्हाई झाला."

मला आधी कळलंच नाही. मी तिला म्हणाले, "पण तार तर सकाळी आली."

"व्हय. सकाळी व्हते की."

तुमचा हात अजून ऊन होता, तात्या. बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि, जणू त्यांनीच काही चुकवलं असावं अशा आवाजात, सांगितलं, "तात्यांनी मला कधीच बजावून ठेवलं होतं. म्हणाले, पोरीला खरं कळवायचं. मी हाय तवर हाय म्हणूनच लिवायचं, ती शब्दाला शब्द धरती. म्हणून सकाळी त्यांना चक्कर आली तशी लगेच तार केली. मला वाटलं तू तीनपर्यंत येशील."

तुम्ही माझ्या शब्दावर आलात आणि मी तुमच्या. वाटेत कुठेतरी आपण एकमेकांना ओलांडून गेलो.

सव्वा तासाचं कुणालाच सांगितलं नाही. इथेच लिहिते आहे.

तुम्हाला न्यायच्या आधी काकाला कळवायचं होतं. काकाची पलटण तिकडे आसामात, यायला चार दिवस तरी. तो पोचणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तारेचा कागद बाबांच्या समोर पडला होता आणि त्यांचा हात लिहीत नव्हता. हौसाक्कानं तो उचलून माझ्यापुढे ठेवला.

"ल्ही बाय. तूच ल्ही."

गल्ली दारात उभी होती. नेहमी उंबऱ्यावर तुम्ही बसायचात, त्या जागी कुणी नव्हतं. कुणी मला सांगितलं नाही काय लिहायचं. हौसाक्का माझ्या हाताकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, पण तो शब्द तिला बघून ओळखता येतो. मी लिहिलं, फादर. मग थांबले. खरा शब्द मला येत होता, त्याचं स्पेलिंगही येत होतं. डोळ्यांपुढे काका आला, चार दिवस डब्यात एकटा, गुडघ्यावर ट्रंक. मी लिहिलं, सिरियस.

हौसाक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

काका पाचव्या दिवशी आला. दारात ट्रंक ठेवून तुमच्या रिकाम्या जागेला हात जोडले, आणि पुष्कळ वेळानं माझ्याशेजारी येऊन बसला.

"तार तू लिवलीस?"

"हो."

"अक्षर ओळखता आलं असतं तर बरं झालं असतं. तारेत सगळ्यांचं अक्षर सारखंच." त्यानं डोळे पुसले. "मला बघितल्या बघितल्या कळलं. सुभेदारसाहेबांना पण कळलं. ते पंजाबचे, तरी कळलं. म्हणाले, मोरे, खाना खाके निकलो. सगळी पलटण मला वाढत होती, कुणी काय बोललं नाय." मग म्हणाला, "चार दिवस मी त्यांच्याशी बोलत आलो. तू दुसरं काय लिवलं असतंस तर कुणाशी बोललो असतो?"

तेव्हा मला भांडण सोडून द्यावंसं वाटलं. तुम्ही असतात तर तेव्हा 'तुम्ही जिंकलात' म्हणाले असते, बहुतेक. दाराआडून का होईना, म्हणाले असते.

तुमची अर्धी राहिलेली बाज तशीच अंगणात आहे. हौसाक्काच्या लेकीची, येत्या महिन्यात बाळंतपणाला येणार आहे तिच्यासाठीची. हौसाक्का म्हणते, दुसऱ्याकडनं विणून घ्यायची नाही. बाबा गिरणीतून आले की तिच्यापुढे बसतात. त्यांनी कधी सुंभाला हात लावलेला नाही. दोन वेढे घालतात आणि उसवतात. मी निघायच्या दिवशी त्यांनी चार वेढे घातले होते आणि ते तसेच ठेवले होते. फार ताठ आहेत. हौसाक्का सांगेलच.

निघताना आई स्टँडवर आली होती. ती माझ्यासारखीच, बोलत नाही फार. गाडी सुटायच्या आधी तिनं एकदम सांगितलं, की त्या दिवशी दुपारपासून तुम्ही दोनच गोष्टी विचारत होतात. साताऱ्याची गाडी आली का. आणि दुसरी, ती जेवून निगाली आसंल का.

"पहिलीचं उत्तर आम्ही देत होतो, येतीय, येतीय," आई म्हणाली. "दुसरीचं काय द्यायचं? आम्हाला तरी काय माहीत."

हे त्यांना माहीत नव्हतं. इथे एकटी मीच ते सांगू शकते, म्हणून सांगते.

जेवून निघाले होते, तात्या. पोटभर.